डब्यातलं अंजीर

१

"वाढत्या अंगाचं शिव गो," असं सापगावातली प्रत्येक बाई अंजूला सांगायची. पोरीचं परकर-पोलकं असो की शाळेचा ड्रेस, हे वाक्य ठरलेलं. अंजूही न विचारता खालच्या घेरात चांगली चार बोटं दुमड ठेवून द्यायची. वर्ष सरलं की दुमड उसवायची आणि वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे कपडा पुन्हा पोरीच्या मापाचा. स्वतःच्या वैष्णवीसाठीही ती तेच करी.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगला वैष्णवीचं नाव नाचात लागलं. बाईंनी हिरवा परकर आणायला सांगितला होता. मागल्या साली हिरवाच होता, म्हणून अंजूने तो ट्रंकेतून काढला, उन्हात झटकला आणि दुमड उसवायला कात्री घेऊन बसली.

"ये गो, घालून बघ आधी. किती सोडायचं ते कळंल."

वैष्णवी परकर घालून ओट्यावर उभी राहिली. परकर मागल्या साली घोट्यावर जिथे टेकत होता, तिथेच टेकला होता.

अंजूने नाडी वर ओढून पाहिली, खाली ओढून पाहिली. मग पोरीला भिंतीला पाठ लावून उभी केली आणि टेप लावला. मागल्या साली घेतलेलं माप तिला तोंडपाठ होतं. शिवणारीला आपल्या पोरीचं माप विसरत नाही. टेपवर तोच आकडा होता, किंवा खरं सांगायचं तर त्याच्याही किंचित आतला.

"टेप जुना झाला," ती पुटपुटली. कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो आणि मग माप कमी दाखवतो, हे तिला ठाऊक होतं. तिने कात्री खाली ठेवली. दुमड तशीच राहिली.

२

मशीन ओट्यावर असायचं, आणि ओट्याच्या कडेने अंजिराचे डबे.

अंजूचा नवरा भगीरथ बरीच वर्षं टोकावड्याला एका बंगल्यात माळीकाम करत होता. बंगला रस्त्यापासून आत, शेतांच्या पलीकडे. मालकीण मुंबईच्या, वयस्कर, एकट्याच राहायच्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. भगीरथ आठवडाभर तिकडे राही आणि शनिवारी घरी येई. दोन वर्षांमागे एकदा तो मधल्याच वारी आला तो सगळं सामान घेऊन.

"बाई गेल्या," तो म्हणाला.

"गेल्या म्हंजे? वारल्या?"

"नाय गो. गेल्या. भाचीकडं गेल्या आसतील."

त्याने त्यांना जाताना पाहिलं नव्हतं. बंगल्याशी गाडी आलेली टोकावड्यातही कोणी पाहिली नव्हती. अंजूने तेव्हा फार खोदून विचारलं नाही. मोठ्या लोकांचं येणं-जाणं आपल्याला कुठे कळतं, असं तिला वाटलं.

सामानात एक पत्र्याचा टब होता आणि त्यात गुडघ्याएवढं अंजिराचं झाड. नीट भरलेलं, जुन्या खोडाचं, पण गुडघ्याएवढंच. फळ लहान लिंबाएवढं, वरून जांभळं, आतून लालभडक. बारा महिने लागायचं. भगीरथने फांद्या तोडून रंगाच्या डब्यांत, तेलाच्या डब्यांत, फुटक्या माठाच्या बुडात खोचल्या. खोचली ती प्रत्येक फांदी लागली आणि गुडघ्याशी येऊन थांबली.

तालुक्याहून एकदा कृषी खात्याचा माणूस आला होता. त्याने पान चुरगळून वास घेतला, फळ चिरून पाहिलं.

"ही जात आपल्या इकडची नाही," तो म्हणाला. "नाव नाही सांगता येणार. डब्यात मुळं कोंडली की झाड ठेंगणं राहतं, एवढंच. जमिनीत लावा, पुरुषभर होईल."

भगीरथने एक जमिनीत लावलं. तेही गुडघ्याशी थांबलं.

वैष्णवीला त्या अंजिरांचं वेड होतं. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि डब्यांशी जाऊन बसायची. बाप-लेक मिळून खायचे. अंजूने एकदाच चाखलं. चव गोड होती, पण त्यातल्या बिया दाताखाली अशा कडकडल्या की तिच्या अंगावर शहारा आला. तिने तोंडातलं थुंकून टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही.

३

शहापूरच्या बाजारातून अंजूने नवा टेप आणला. नव्या टेपनेही तेच सांगितलं.

ती पोरीला घेऊन डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, जंताचं औषध दिलं, टॉनिक लिहून दिलं. "काही पोरं उशिरा वाढतात," ते म्हणाले. "एकदम फुटतात. काळजी करू नका."

अंजूने काळजी न करायचं ठरवलं. सकाळी टॉनिक, रात्री दूध, भाकरीला तूप. पण हात मशीनवर चालत असताना मन मात्र हिशेब लावत राही. पोरीचे दात पडून नवे आले होते. नखं वाढत होती, केस वाढत होते. वेणी तर कमरेखाली गेली होती. मग वेणी लांब झाली, की कमर वर आली? हा विचार आला तेव्हा तिची सुई धागा सोडून गेली.

शाळेच्या प्रार्थनेत वैष्णवी मागल्या साली रांगेच्या मध्यात उभी राहायची. आता सगळ्यांच्या पुढे असायची. अंजू मुद्दाम कुंपणाशी जाऊन पाहून आली. तिच्या मागे उभ्या असलेल्या पोरी इयत्तेने तिच्या खालच्या होत्या.

"आई, मला बाकावर बसलं की पाय झुलवायला येतात आता," वैष्णवीने एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं. "पयले टेकायचे."

अंजूने तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्याच दिवशी तिने अंजीर बंद केलं. का, हे तिला कोणाला सांगता आलं नसतं. स्वतःलाही ती एवढंच सांगत होती की गोड जास्त झालं की जंत होतात.

४

मग तिचं लक्ष भगीरथकडे गेलं.

आधी सायकलची गोष्ट झाली. त्याने सीट खाली करून घेतली. काही दिवसांनी पार नळीला टेकेपर्यंत खाली केली. आणि मग सायकल भिंतीला लावली ती लावलीच. शहापूरच्या नर्सरीत तो कामाला जाई, तिथे चालत जायला लागला. "पायाला व्यायाम बरा," म्हणायचा.

दाढीचा आरसा ओट्याच्या खांबावर असे. एका सकाळी केस विंचरताना अंजूला आरशात स्वतःचा गळाच दिसला, तोंड दिसेना. खिळा खाली आला होता. वर खांबावर जुन्या खिळ्याचं भोक होतं, त्याच्या खाली आणखी एक, आणि मग आताचा खिळा.

"आरसा कशाला खाली केलात?"

"उजेड बरा पडतो गो इथं."

उजेड वरही तितकाच पडत होता.

शेजारची धोंडूबाई ब्लाउज टाकायला आली तेव्हा भगीरथ अंगणात डबे सरकवत होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुजा घरवाला खंगला गो. काय दुखनं-बिखनं हाय काय? आटल्यावानी दिसतो."

"काम जास्त पडतं," अंजू म्हणाली.

पण खंगलेला माणूस हाडं काढतो, गाल बसवतो. भगीरथचं तसं नव्हतं. त्याचे गाल भरलेले होते, दंड गोल होते, सगळं जिथल्या तिथे होतं. ओट्यावरून पडलेलं रीळ त्याने उचलून तिच्या हातात दिलं आणि अंजू उठून उभी राहिली, तेव्हा तिला ते नीट कळलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्याचं तोंड पाहायला तिला मान वर करावी लागली होती. आता तिला त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसत होता.

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि हसला.

५

"तुमी ते खायचं बंद करा," ती म्हणाली. वैष्णवी शाळेत होती. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. "आणि पोरीलाही देऊ नका. मी नको म्हनल्यावर तुमी चोरून देता, मला ठाऊक हाय."

भगीरथ तेलाच्या डब्याला टेकून बसला होता. झाड त्याच्या खांद्याला लागत होतं.

"तू घाबरतेस उगाच."

"तुमाला दिसत नाय काय होतंय ते?"

"दिसतंय की." तो शांतपणे म्हणाला. "मला बरं वाटतंय अंजू. घर किती ऐसपैस झालंय बघ. पडवीत नुस्तं बसलं तरी गावाला गेल्यावानी वाटतं. थोडं खाल्लं तरी पोट भरतं. कुनाच्या नजरेत येत नाय मानूस. बाई म्हनायच्या, आता कुठं मला हा बंगला पुरायला लागला."

"कधी म्हनायच्या?"

त्याने एक अंजीर तोडलं, दोन्ही हातांत धरलं आणि चावलं.

अंजूने उठून डबे उलटे केले. एक, मग दुसरा, मग सापडेल तो. माती अंगणभर झाली. मुळं पसरलेली नव्हतीच. डब्यात चहूकडे जागा होती, माती भुसभुशीत होती, तरी मुळं आत वळून एकमेकांत घट्ट मिटली होती. कोणी कोंडलं नव्हतं त्यांना. ती आपणहून मिटली होती.

तिने खोडं मोडली, फांद्या मोडल्या आणि ढीग करून अंगणाच्या कोपऱ्यात टाकला. भगीरथने अडवलं नाही. ती भांडी घासायला मागे गेली. परत आली तेव्हा तो एकेक काडी उचलून मातीत खोचत होता. डबे कमी पडले म्हणून त्याने तिच्या स्वयंपाकघरातली पातेली आणली होती, वाट्या आणल्या होत्या, वैष्णवीचा दुधाचा पेलाही आणला होता.

आणि पेल्यातल्या काडीला कोंबाचा डोळा फुटलेला होता. हिरवा, ओला.

आधीचाच असेल, असं ती स्वतःला म्हणाली. मोडताना आपल्याला दिसला नसेल.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीनचं डोकं गोणपाटात गुंडाळलं, पोरीला घेतलं आणि खर्डीला माहेरी गेली. भावाला, नवसूला, तिने फक्त एवढं सांगितलं की घरात पटत नाही. नवसूने वैष्णवीकडे पाहिलं आणि मशीन उचलून आत नेलं.

खर्डीला वैष्णवी पहिले काही दिवस रडली. अंजीर मागायची. रडता रडता भिंत चाटायची, माती खायची. बाबाकडे जायचं म्हणायची. "मला मोठं नाय व्हायचं," असं एकदा झोपेत म्हणाली. अंजू तिच्या पायांवरून हात फिरवत बसायची.

मग हळूहळू पोर अन्नाला लागली. आणि मार्चमध्ये एके दिवशी ती पाय दुखतात म्हणून तक्रार करायला लागली. नडग्या दुखत होत्या. अंजूची आई म्हणाली, "वाढीचं दुखनं हाय ते. हाडं लांबतायत." अंजूने टेप लावला. मग मागच्या दारी जाऊन, पदर तोंडात धरून, ती हमसून हमसून रडली.

भगीरथ आला नाही. निरोप नाही, काही नाही. शेवटी नवसू सापगावला जाऊन आला.

"घराला कुलूप हाय," तो म्हणाला. "धोंडूबाई सांगत व्हती, टेम्पोत समदे डबे घालून टोकावड्याला गेला. टेम्पोवाल्याला वाटलं पोरगाच हाय कुनाचा."

"काय?"

"तसं ती बोलली बाबा. मला काय म्हाईत."

अंजूला नवऱ्याचा राग आला, मग कीव आली, मग भीती वाटली. भीती तेवढी टिकली. पण माणूस जिवंत आहे, आपला आहे, आणि कोणीतरी जाऊन पाहायला हवं, हेही तिला सुटेना. पोर आता खात होती, पीत होती, झोपत होती. आजीजवळ सुखरूप होती. एकदा पाहून येऊ, असं तिने ठरवलं. नुसतं पाहून येऊ.

७

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला उतरून तिने टोकावड्याची एसटी धरली. स्टँडजवळच्या धाब्यावर बंगल्याची वाट विचारली.

"तिथं कोन नाय राहत," धाब्यावरचा माणूस म्हणाला. "बंद हाय तो कधीचा."

सूर्य अजून चांगला वर होता. शेतं कापून मोकळी पडली होती. बांधावरून चालत ती फाटकाशी पोचली. फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत सगळं वाळलेलं, पण व्हरांड्यात दोन्ही बाजूंना डबे होते. तिने आपली पातेली ओळखली. मातीवर ताजं पाणी घातलेलं होतं.

दार लाकडाचं, दोन फळ्यांचं. त्यावर, तिच्या खांद्याच्या उंचीला, कडी काढून टाकल्याची भोकं होती. रंगाने बुजलेली, जुनी. त्याच्या खाली वीतभरावर दुसरी भोकं. मग तिसरी. कमरेशी, मांडीशी. जसजशी नजर खाली गेली तसतशी भोकं नवी होत गेली. सगळ्यात खाली तिच्या पोटरीशी पितळेची कडी होती, घासून चकचकीत. तिच्या आसपास लाकूड हाताळून काळं पडलं होतं.

अंजूच्या मनाने अजून एक वाट शोधली. बाईंनी कुत्रा पाळला असेल. कुत्र्याला काही शिकवलं असेल. ती स्वतःशीच हे बोलली आणि ते किती खुळ्यासारखं आहे हे तिला बोलतानाच कळलं.

तिने दार वाजवलं. "अवो," ती म्हणाली. "मी हाय. अंजू."

आतून भगीरथचा आवाज आला. तोच आवाज, थोडा पातळ, पण तोच. "आलीस? थांब हां. येतो."

पावलं आली. फार पावलं, एवढ्याशा अंतराला फार. मग फरशीवरून काहीतरी लाकडी ओढत आणल्याचा आवाज झाला. पाट असावा. पाट दाराशी येऊन टेकला.

"कोण आलंय रे?" आणखी आतून एक आवाज म्हणाला. म्हातारा, शिकलेल्या माणसाचा, बाईचा. तोही खालूनच आला.

"आमची मंडळी," भगीरथ म्हणाला. दाराच्या आतली कडी सरकली.

दार उघडलं. अंजूने समोर पाहिलं. समोर बैठकीची खोली होती, खिडकीतून आलेलं ऊन होतं, पलीकडची भिंत होती. डोळ्यांच्या उंचीला कोणीही नव्हतं. भिंतीवर वर काही टांगलेलं नव्हतं, सगळ्या वस्तू फरशीलगत मांडलेल्या असाव्यात, असं नजरेच्या कडेला वाटत होतं. तिने मान हलवली नाही. तिला कळून चुकलं होतं की आता खाली बघायचं आहे. बघितलं की सगळं कळेल. ते कळल्यावर आपण पोरीकडे परत जाऊ शकू की नाही, हे मात्र तिला कळत नव्हतं.

"अगो, खाली बघ ना," भगीरथ म्हणाला.

तिने पाहिलं नाही. तिच्या लुगड्याचा काठ कोणीतरी धरला. बोटं तान्ह्या पोराची होती, पण पकड भगीरथची होती. लग्नानंतर पहिल्यांदा नदी ओलांडताना त्याने धरला होता तसा तो काठ धरला होता, सुटणार नाही असा.

नजर समोरच्या भिंतीवर ठेवून अंजू कमरेत वाकली आणि एकेक बोट सोडवलं. शेवटचं बोट सुटलं तेव्हा ती वळली आणि चालायला लागली. मग पळायला लागली. बांधावर एकदा ठेचकाळली, उठली. मागे कोणी हाक मारली नाही. हाक मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

८

एसटी भरलेली आली. दोघांचा एकच बाक रिकामा होता, त्यावर खिडकीशी जागा मिळाली. ती अंग चोरून बसली आणि बाहेर पाहत राहिली. श्वास अजून बसत नव्हता. घाटाकडचे डोंगर मागे पडत होते. खर्डीला पोचेपर्यंत वैष्णवी जेवून बसली असेल, दारात वाट बघत असेल. ती त्याच एका गोष्टीचा विचार करायचा प्रयत्न करत होती.

पुढल्या स्टॉपला माणसं चढली. उभी राहिली, दांड्यांना लटकली. पण तिच्या शेजारच्या जागेवर कोणी बसलं नाही.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "कुठं?"

"सरळगाव. एक."

त्याने तिच्या शेजारी पाहिलं. "आनि हे? पाचाच्या वरचं आसंल तर हाफ लागंल."

अंजूने खिडकीचा गज धरला. काचेच्या पलीकडे कोणाचं तरी खळं गेलं, एक विहीर गेली, एक बाई डोक्यावर भारा घेऊन थांबली होती ती गेली.

"नाय," ती म्हणाली. "लहान हाय."

"मग मांडीवर घ्या बाई. मानसं उभी हायत."

ती हलली नाही. तिने नुसते डोळे मिटले. बाकावर काहीतरी सरकलं, लुगड्याचा काठ त्याच ओळखीच्या पकडीत आला, आणि मग तिच्या मांडीवर वजन आलं. फार नव्हतं.